वजनमापे

मी वजनमापे खात्यात, एकतीस वर्षं.
रविवारी मैदानावर टेप धरायचो, फुकट;
चहा, दोन बिस्किटं आणि संघटनेची टोपी.
बांबू उडी म्हणतात अजून कागदोपत्री.
बांबू केव्हाच गेला, फायबरची काठी आली,
नाव तेवढं राहिलं.

हर्षला धनू, वेसावे.
म्हणाली, घरी बोंबलांच्या वलांडीवरून उडते,
दोन दोऱ्यांपर्यंत. तिसरीला आय ओरडते.
मी टेप लावली : दोन मीटर दहा.
वहीत लिहिलं. बाकी काही वाटलं नाही.

काठी चार मीटरची, बसवाले घेईनात.
बर्फाच्या टेम्पोच्या टपावर बांधून आणायची,
टोकाला लाल चिंधी,
आणि ही मागे, लाद्यांवर पोतं टाकून.
पोचेस्तोवर तळपाय बधिर.
मग उन्हात उभी राहायची,
कुणाशी न बोलता.

तीन तीस. तीन बेचाळीस. तीन पंचावन्न.
सेंटिमीटर म्हणजे काय, मला विचारा :
करंगळीचं नख.
चार वर्षांत ती पंचवीस नखं चढली,
तेवढ्यात तिकडे ओशिवऱ्याला
वीस वीस मजले उभे राहिले.

राज्याच्या विक्रमाआधी दांडी पुन्हा मोजतात, नियम आहे.
शिडीवर चढलो, टेप सोडली,
आणि कठड्यापाशी तिची आई दिसली.
ओळखलं मी. तिनंही.
सात बंगल्याच्या बाजारात तिचं तागडं मीच जप्त केलेलं,
पारड्याखाली लोहचुंबक, पन्नास ग्रॅमचा.
पावती फाडली तेव्हा ती गप्प होती.
आता बोलली, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं :
"नीट मोज रं सायबा, माजी पोर हाय ती!"

पुन्हा मोजलं. तीन अठ्ठावन्न.
पुन्हा.
ती धावली, काठी वाकली,
पाय आभाळात, पाठ शहराकडे,
पोट दांडीला चाटून गेलं.
दांडी थरथरली.
त्या थरथरीला माप नाही.
ती गादीवर उताणी, वर बघत,
मी पांढरा झेंडा मुठीत धरून.
राहिली.

लोकांना माहीत नसतं :
या खेळात जिंकणाराही बहुतेक
तीनदा दांडी पाडूनच घरी जातो.
तीन एकसष्टला तिनं पाडली, पाडली, पाडली
आणि हसत आली बूट सोडत.

अकरा वेळा मोडला तो विक्रम, स्वतःचाच.
मग खांदा. मग महापालिकेच्या शाळेत पीटी.
मग कराडची एक पोर आली, एका नखानं वर गेली.
तेही मीच मोजलं,
शिडी हर्षलानं धरली होती.

परवा वेसाव्याला गेलो, सुरमईला.
तिची तडकलेली काठी वलांडीत सगळ्यात वर बांधलीय,
जबड्यात जबडा अडकवून बोंबील लोंबतायत,
खाली दोन मांजरी, अंदाज घेत.
म्हातारीनं तोललं. काटा इलेक्ट्रॉनिक,
शिक्का यंदाचा; न बघितल्यासारखं बघितलं मी.
मग एक तुकडा वरून टाकला पिशवीत.
"याचं वजन नको करू," म्हणाली.