टोबिनचा केक

साडेदहाला मार्लिस निळं जाकीट काढते,
घडी करून पिशवीत कोंबते,
आणि ज्या दारातून बाहेर पडली
त्याच दारातून गिऱ्हाईक होऊन आत येते.

डलूथमध्ये उणे एकोणीस. पार्किंगमध्ये
ट्रॉल्या एकमेकींना चिकटून गोठलेल्या.

तिला सगळं पाठ आहे:
चौदाव्या रांगेत मांजराचं खाणं,
स्वस्त कॉफी अगदी खालच्या फळीवर, वाकावं लागतं.
महागडी डोळ्यांसमोर;
ती दुपारी तिनेच लावली.
तरी ती भाव वाचते, डबा उचलते, परत ठेवते,
आणि ठेवताना लेबल पुढे करते.
हात अजून ड्यूटीवरच.

बेकरीच्या कोपऱ्यात एक केक, निम्म्या किमतीत.
हिरव्या आयसिंगमध्ये लिहिलंय: टोबिन, सात.
न्यायला कुणी आलंच नाही.
ती तिथे उभी राहते, जरा जास्तच वेळ.

माझ्या काउंटरवर कॉफी, मांजराचं खाणं, केक.
तिनेच शिकवलेलं वाक्य मी तिला म्हणतो,
"सगळं सापडलं ना?"
"ते खोकं आडवं धरू नकोस," ती म्हणते.
कामगार सवलत दहा टक्के.
अडीच तासांची मजुरी
जिथून मिळाली तिथेच मोजून देते.

दुसऱ्या दिवशी ब्रेकरूममध्ये,
पंधरातली बारा मिनिटं उरलेली असताना,
आम्ही टोबिनचा वाढदिवस खाल्ला.
फुंकर कुणी मारायची यावर थोडा वाद झाला.
'टो' लिहिलेला तुकडा मात्र तिने
फ्रिजमध्ये झाकून ठेवला,
आलाच तर म्हणून.