निळी स्कूटर

कोलबाडच्या तळ्यात सकाळी मेलेले मासे.
घमेल्यात भरताना खैरबाईंनी मोजले, त्रेचाळीस.

उकाड्यात पाण्यातली हवा संपते,
पालिकेचा पोरगा सांगत होता.
कुणी थांबलं नाही.
हवेला ना चेहरा, ना आडनाव.

इस्त्रीवाल्या रसाळांनी मग विष आणलं.
विषाला माणूस लागतो,
माणसाला वाहन.
दुपारपर्यंत निळी स्कूटर आली,
दिवेलागणीला तिची अर्धी नंबरप्लेटही वाचून झाली.
मासे तोवर चारशे. खैरबाईसुद्धा म्हणाल्या,
त्रेचाळीस... घमेली असतील.

मी त्या रात्री शहापूरला, बहिणीकडे.
तरी परवा कुणीसं विचारलं
तर बोलून गेलो,
हो, दोन किक मारूनही सुरू होत नव्हती.