तो हार, ती हार

फाइफच्या किनाऱ्यावर समुद्रातून जे धुकं चढतं
त्याला तिथली माणसं हार म्हणतात.
आपल्याकडे तो हार म्हणजे फुलं,
ती हार म्हणजे दुसरंच काही.
सेंगाला यातलं काही ठाऊक नाही.
ती पाऊण तास रांगेत उभी आहे
हिरव्या प्लास्टिकच्या चार संडासांसमोर,
पुढे एकोणतीस बायका, मागच्या मोजल्या नाहीत.
पुरुष बंदराच्या भिंतीआड जाऊन येतात
हवापाण्याच्या गप्पा मारत.

आतून मॉइरा ओरडते, कागद संपलाय.
सेंगाकडे रुमाल आहे, पण खिशात नाही.
बायकांच्या चड्डीचा खिसा म्हणजे
एक किल्ली मावेल एवढी शिवणीतली चूक.
रुमाल ब्रामध्ये. फोन, इनहेलर,
जेलची पुडी, सगळं तिथेच,
छातीवर अख्खं किराणा दुकान,
आणि वरून चार टाचण्यांनी नंबर,
गळ्यापासून बेंबीपर्यंत.

भोंगा वाजतो तेव्हा ती कडी लावत असते.

तिसऱ्या मैलावर ती एका निळ्या बनियनला मागे टाकते.
बनियन दचकतो, जीव खाऊन पुढे काढतो,
वळणावर गुडघे धरून धापा टाकतो.
ती पुन्हा मागे टाकते. तो पुन्हा.
पाचव्या खेपेला सेंगाच थांबते,
नाडी सुटल्याचं नाटक करते:
जा बाबा, जा तू एकदाचा.
मग स्वतःवरच चिडते.
अठ्ठावन्नची झाले, अजून वाट देतेय.

सातव्या मैलावर एका व्हॅनची काच खाली येते.
"हस की जरा, आजीबाई!"
दम असता तर तिने उत्तर दिलं असतं.
रात्री भांडी घासताना सुचेल,
फार सुंदर सुचेल,
दरवेळी तेव्हाच सुचतं.

मग मानेपासून कानांपर्यंत तो जाळ,
धावण्याचा नव्हे, वयाचा.
आज धुक्याने निदान एवढं केलं,
ओल्या फडक्यासारखं कपाळावर बसून राहिलं.

दहाव्या मैलावर पाण्याचं टेबल आवरलेलं.
पेले गोळा करणारा पोरगा ओशाळतो,
स्वतःची बाटली पुढे करतो.
संत्र्याचं सरबत, कोमट.
सेंगा त्याला विचारत नाही उष्टं आहे का.

आणि शेवट.
शेवटाची कमान हवा सोडून रस्त्यावर पसरलेली.
वेळ मोजणारी चटई गुंडाळून ट्रकमध्ये.
हातात खोकं घेतलेला एक गृहस्थ म्हणतो,
"टी-शर्ट? एक्स्ट्रा लार्जच उरलेत. युनिसेक्स आहे."
युनिसेक्स म्हणजे पुरुषांचा,
हे तिला तिसऱ्या वर्षी कळलं.
घरी असे दहा आहेत.
एकाने ती सायकल पुसते,
एकावर मांजर व्यायलं.

ती घेते तरीही. घालत नाही.
चटई होती तिथे ओल्या रस्त्यावर
एक कोरडी पट्टी उरली आहे, हातभर रुंद,
कडेने भिजत चाललेली.
सेंगा तिच्यावर उभी राहते,
टी-शर्टची एक बाही ताणून धरते
आणि त्या गृहस्थाला म्हणते,
"दुसरी धर. घट्ट."
"कशाला?"
"मॉइरा यायची आहे."

हार दाट.
आतून पावलं ऐकू येतात.
गृहस्थ खोकं खाली ठेवतो.