शनिवारी परत

डब्यातला बर्फ दुपारपर्यंतच बर्फ असतो.
म्हणून रोसेन्दो पहाटेच होडीचं इंजिन ओढतो
आणि मी निळा डबा मांडीवर घेऊन बसते,
परक्याचं मूल घ्यावं तशी, अवघडून.

सेनेपा नदीच्या वरच्या अंगाला अकरा घरं.
सौर दिवे दोन, त्यातला एक पेटत नाही.
मागच्या महिन्यात सगळ्यांनी डुकरं विकली,
सोनं उपसणाऱ्यांनी भाव बरा दिला.
डुकरं गेली तशी वटवाघळं माणसांकडे वळली.
पोट त्यांनाही आहे.

नेल्विन चार वर्षांचा.
उजव्या पायाच्या अंगठ्याला
मसुराएवढा टवका.
तो रडला नाही, दुखलंच नव्हतं.
सकाळी चटईवर डाग दिसला तेव्हा
ओतिलियाला वाटलं, केळीचा चीक असेल.

इथे काही भुंकत नाही.
लाळ गाळत कुणी मागे लागत नाही,
की आयांनी पोरं उचलून दारं लावावीत.
दारंच नाहीत.
ते झोपेत येतं, जमिनीवरून, पंख मिटून, चालत,
ओळखीच्या घरी यावं तसं.
आणि दुसऱ्या रात्री पुन्हा
त्याच अंगठ्याशी.

"तीन सुया झाल्यात त्याला," ओतिलिया म्हणते.
"तूच दिल्यास. हे बघ कार्ड, ही तुझीच सही.
आता परत कशाला?"

मी प्रशिक्षणातली वाक्यं सुरू करते.
माझ्या मोडक्या अवाहुनमध्ये ती अशी काही होतात
की ती तोंडावर हात धरून हसते.
मग मी डबा खाली ठेवते.

"तीन सुयांनी अंगाला एक चेहरा दाखवून ठेवला.
आता तोच चेहरा घरात शिरलाय
आणि अंग झोपलंय.
हाक मारायला नको?"

"एका हाकेत उठत नाही?"

"तुझा मुलगा उठतो का?"

ती पुन्हा हसते, पण कमी.
"म्हणजे आज बुधवार, आणि मग?"
"शनिवारी."
"तू येशील?"

खालच्या वस्तीतल्या मुलीचं मी सांगत नाही.
तिचं नाव यादीत होतं.
आम्ही गेलो त्या दिवशी ती बापाबरोबर युकाच्या शेतावर होती,
आणि बर्फ संपत आला होता,
आणि आम्ही म्हणालो, पुढच्या खेपेला.
चालायच्या आधी पोहायला शिकलेली पोर.
पुढे तिच्यापुढे कुणी वाटीभर पाणी धरलं तेव्हा

पण ओतिलियाला ते माहीतच आहे.
ती तिची मावशी लागते.

जखम पंधरा मिनिटं साबणानं धुवायची.
माझं घड्याळ ओलं होऊन बंद पडलंय.
"मी मोजते," यानुआ म्हणते. बहीण, वय सहा.
शाळेत शंभरपर्यंत झालंय.
नऊ वेळा शंभर, मी सांगते.
दर खेपेला ती साठावरून थेट ऐंशीवर जाते,
म्हणून मी दहाव्यांदा मोजायला लावते,
मग अकराव्यांदाही.
अंगठा पांढरा पडून सुरकुततो. नेल्विन कंटाळतो.
सुई त्यामानानं पटकन होते.

निघताना ओतिलिया मच्छरदाणी शिवत बसलेली,
मासे धरायच्या दोऱ्यानं, जाड जाड टाके.
भोक मुठीएवढं होतं.
मी वर बघत नाही. अजून दहा घरं, दहा मच्छरदाण्या.

गुरुवारी पाऊस. शुक्रवारी नदी तांबडी, फुगलेली,
ओंडके वाहत चाललेले.
केंद्रावर पेट्रोल एका फेरीचं.
साहेब म्हणाले, सोमवारी गेलीस तर?
मी काही बोलले नाही.
रोसेन्दोनं मेव्हण्याकडून अर्धा कॅन उसना आणला,
का ते त्यालाही विचारलं नाही.

शनिवार. साडेदहा.
डबा हलवला तर बर्फ अजून वाजतोय.
ओतिलिया काठावर उभी, हात कमरेवर.
"सकाळपासून लपलाय," ती म्हणते. "शोध तूच."

शोधावं लागत नाही.
उपड्या घातलेल्या होडीखालून
एक पाय बाहेर राहिलाय,
त्यावर लाल लोकरीचा मोजा, घोट्यापर्यंत वर ओढलेला
आणि दोऱ्यानं बांधलेला.

या नदीवर मोजे कुणी घालत नाही.
कुठून मिळवला असेल तिनं.