न फुटणारे

सीताबर्डीत, मेन रोडला लागून असलेल्या बोळात,
ठाकूरदासनं तो ग्लास हातातून सरळ सोडून दिला.
फरशीवर टप्, मग टप्टप्, मग एक लांब गिरकी,
आणि येऊन माझ्या चपलेला टेकला, कुत्र्याच्या पिल्लासारखा.
"पाहा ताई, जित्ता आहे."
मी सहा घेतले. दांडीवाले, वाइनचे,
दुरून पाहिलं तर काचच.

आमच्या गच्चीला काच सोसत नाही.
मागच्या एप्रिलात तेलंगखेडीकडून वावटळ आली,
कठड्यावरचा एक ग्लास खाली परात्यांच्या तुळशीत,
दुसऱ्याचा तुकडा मुकुंदाच्या टाचेत. तीन टाके.
महिनाभर गच्ची झाडली,
तरी ऊन तिरपं झालं की कुठूनतरी एक कण
डोळा मारायचा.

वीज मंडळाच्या स्टोअरात अठ्ठावीस वर्षं
मी एकच वही सांभाळली: फूटतूट.
चिनी मातीचे इन्सुलेटर, मीटरच्या काचा,
मे महिन्यात तर रकाना पुरायचा नाही.
काय फुटलं, किती उंचीवरून,
ते मला नुसत्या आवाजावरून कळायचं.
म्हणून हे ग्लास हातात धरताना
जरा बेकार झाल्यासारखं वाटलं.

शनिवारी गच्चीवर चार बादल्या पाणी मारतो.
पहिली वाफ जाऊ देतो, मग सतरंजी.
उमाठे वर्ध्याहून येतो, त्याच्या जिल्ह्यात थेंब मिळत नाही
(निदान त्याच्या वयाच्या माणसाला मागवत नाही).
प्रज्ञा फुलझेले भाजलेले शेंगदाणे आणते, कांदा, लिंबू,
आणि मानेवर टाकायला ओला दुपट्टा.
नाशिकची लाल वाइन, बर्फातून काढलेली,
पंधरा मिनिटांत वरणासारखी कोमट होते.
उमाठे कठड्यावरून पाण्याची ती लांबची चिंधी दाखवतो:
"फुटाळ्याच्या काठी न फुटणारे ग्लास! बढिया आहे बावा."
हे तो दर शनिवारी म्हणतो.

चिअर्स केलं तर दोन कंगवे आपटावे तसं वाजतं.
म्हणून प्रज्ञा तोंडानं म्हणते, "किण्ण."
प्रत्येकाच्या ग्लासला वेगळं किण्ण. कोणाला गाळत नाही.

त्या शनिवारी, दुसरा ग्लास संपता संपता,
मुकुंदा म्हणाला, पुण्याच्या फ्लॅटचं टोकन दिलं.
असंच म्हणाला, शेंगदाण्याची सालं फुंकत.
पोराजवळ. सातवा मजला. लिफ्ट आहे.
"कधी दिलं?"
"दिवाळीच्या आधी."

होळी होऊनही दोन महिने झाले होते.

मी फेकला.
नेम धरून नाही, पण पूर्ण हात फिरवून.
टाकीवर आदळला, कठड्यावर, तिथून फरशीवर,
टप्, टप्टप्, तीच लांब गिरकी,
आणि उमाठेच्या पायाशी जाऊन थांबला.
त्यानं उचलला. शर्टाला पुसला.
बल्बसमोर धरून फिरवला,
बुशिंगला तडा आहे का पाहायचा तसा.
नव्हता.

चौघंही त्या ग्लासकडे पाहत बसलो,
जणू पुढचं त्यानंच बोलायचं होतं.
खाली परात्यांच्या कूलरचा पंप कोरडा फिरत होता.

मग प्रज्ञा, तोंडातला दाणा चावायचं थांबून,
अगदी हळू म्हणाली,
"खळ्ळ."

हसलो की नाही ते आठवत नाही.
मुकुंदा झाडू आणायला उठला, एवढं खरं.
अर्ध्या जिन्यातून परत आला.

पुण्याचं अजून ठरायचं आहे.
ग्लास सहाचे सहा आहेत.
एकाच्या काठावर ओरखडा आहे, नखाएवढा,
ओठाला लागतो.
तो मी दुसऱ्या कोणाला देत नाही.