बटणांची ठेव

रात्री साडेनऊला कोसिमोची बँक उघडते.
जेवणाचं टेबल पुसून मी पलीकडच्या खुर्चीत बसते,
चष्मा नाकावर ओढते, विचारते,
बोला, किती जमा करायचेत?

तो खिसा उलटा करतो.
चौदा बटणं. त्यातलं एक कोटाचं, मोठं, शिंपल्याचं.
मार्क आहेत, सांगतो, या पंधरवड्याचा पगार.
जर्मनीत बाहेर काही खाल्लं नाही,
बराकीतच बटाटे उकडले.
मी मोजते. दोनदा मोजते, कारण तो बघत असतो.
औषधाच्या बिलामागे पावती लिहिते,
दुधाच्या बाटलीचं झाकण दाबून शिक्का.
माझी लिपी त्याला वाचता येत नाही,
वाटाण्याच्या तणाव्यांसारखी वळत जाते ती.
तरी तो प्रत्येक ओळीवरून बोट फिरवतो.

माझी वही निराळी, गादीखाली.
महिना नऊशे साठ युरो.
तीनशे आईला, दीडशे ईयाच्या कॉलेजला,
उरतील त्यांची झाडं.
झुगदिदीजवळ अर्धा हेक्टर, हेझलनटची दोनशे दहा रोपं,
रोपाला साडेचार युरो, खड्ड्याचे वेगळे.
तेव्हापासून सगळं मी झाडांत मोजते.
चार कॉफ्या म्हणजे एक झाड.
हिवाळी बूट, बारा झाडं:
ते घेतले नाहीत, जुन्यांत वर्तमानपत्र कोंबलं.
बारीत तशी थंडी कुठे, असं आईला सांगितलं.

लारी घसरली की रविवारी बाकावर ग्वांत्सा म्हणते,
लामारा, आपण श्रीमंत झालो गं!
खरंच, त्या दिवशी माझे शंभर जरा लांब पुरतात
आणि त्याच दिवशी आईच्या गोळ्या महागतात.
मधे कमिशन कापणारा तेवढा
दोन्ही पंगतींना जेवून जातो.

पाचव्या वर्षी किडे आले.
तपकिरी, ढालीच्या आकाराचे, चिरडले की घाण वास.
भावाने फोटो पाठवला, तळहातावर फोडलेली फळं,
आत काळी, वाळकी सुरकुती.
मी फोटो मोठा करत गेले, मोठा करत गेले,
एक तरी पांढरा दाणा.
त्या महिन्याचे पैसे फवारणीला गेले. पुढच्याही.
बँकेत टाकायचे होतेस, ग्वांत्सा म्हणाली.
माझ्या बापाने टाकले होते, जुन्या राज्यात,
जन्मभराचे रुबल.
एका सकाळी त्यांत एक पाव आला.
म्हणून झाडं.
झाड कीड लागून का होईना, जागेवर उभं असतं.

आज बँक उघडली तर कोसिमो म्हणाला,
तुम्ही थकलेल्या दिसता, बाई. इकडे या, मी बसतो तिकडे.
उठून टेबलाला वळसा घालायला त्याला चार मिनिटं लागली.
चष्मा त्याने माझाच घेतला.
बोला, किती?

माझ्या खिशात काही नव्हतं.
अकरा वर्षं, मी म्हटलं.
त्याने लिहून घेतलं. आकडा अजून सुरेख काढतो.
मुदत?
माहीत नाही.
मुदतीआधी मोडू नका, नुकसान होतं.
ठेवीबद्दलच म्हणाला असावा.
मग पुढे वाकला, हळूच,
बँकेतल्या माणसाने बोलू नये ते बोलल्यासारखा:
मी नाही मोडली. गावी घर बांधलं.
तीन खोल्या, निळी दारं.
किल्ली त्या खिळ्याला आहे. कुणी राहतंय का, विचारून या ना.

किल्ली आहे खिळ्याला.
दर शनिवारी मी पुसते ती, त्याच पगारात.

झाकण त्याने जोरात दाबलं,
कागदावर दुधाचं ओलं वर्तुळ उमटलं.
पावती मी वहीत ठेवली, बुटांचा हिशेब आहे त्या पानात.
उद्या डॉक्टर यायचेत.
त्याच्या पांढऱ्या शर्टाचं वरचं बटण तुटलंय,
बँकेतून एक काढावं लागेल,
त्याला न सांगता.