खिडकी क्रमांक दोन

काउंटीच्या कचेरीत वर्लीन हृष्का
कापसाच्या अनुदानाचे अर्ज तपासते,
एकोणीस वर्षं, त्याच डुगडुगत्या खुर्चीत.
यंदा टेक्ससच्या वाऱ्यानं सरकी वर येऊच दिली नाही,
तरी एकरामागचा आकडा कागदावर टवटवीत.

पहिला चेक डॅलसला, एका दातांच्या डॉक्टरला.
आजोबांची जमीन त्यानं पाहिलीय म्हणे, विमानातून.

दुसरा तिच्या भावाचा.
तो आत येत नाही.
पिकअप चालू ठेवून बाहेर बसतो, टोपी गुडघ्यावर.
तीच जाते पेन घेऊन.
“आईला सांगू नकोस,” एवढंच.

मग जिनिंगमधला युसेबियो:
गाठीच नाहीत, तर आम्हा हमालांना काही?
वर्लीन रकाने वरखाली बघते. रकाना नाही.
त्याच्या बाहीवर मागल्या सालची रुई.
काढावीशी वाटते तिला.
मध्ये काच.